घरबसल्या डीएनए टेस्ट : किट झकास, ‘भावनिक स्वभावा’चं पान मात्र फुसकं

मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १९ वर्षं टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी. त्यामुळे मुलानं दिवाळीच्या ऑफरमध्ये एकावर एक फुकट म्हणून डीएनए टेस्टची दोन किट पाठवली, तेव्हा म्हटलं, बाबा रे, सुट्टीच्या दिवशीही सॅम्पलच का? एक मी ठेवलं, दुसरं कोल्हापूरच्या अक्काला दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. किटमध्ये खोट काढायला जागा नाही. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, फेस मोजायचा नाही. दोन मिली म्हणजे एवढंसं वाटतं, पण साठीतल्या बाईचं तोंड लगेच कोरडं पडतं. अक्काला फोनवर सांगितलं, डोळे मीट आणि तिखट-मीठ लावलेली कैरी आठव. “दिवाळीत कुठली गं कैरी,” म्हणाली, पण नळी भरली! झाकण फिरवलं की त्यातलं निळं पाणी खाली उतरतं, त्यानं डीएनए टिकतो, बर्फाची कटकट नाही. कुरिअरवालाही सांगितल्या वेळी आला.

पाच आठवड्यांनी मोबाइलवर ३४ पानी पीडीएफ आली. दूध पचेल का, कानातला मळ ओला की सुका, ही पानं ठीक आहेत. तिथं डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकानं बरंच काही ठरतं. माझं भांडण २१व्या पानाशी आहे. वर लाल पट्टी, खाली वाक्य : ‘तुमचा मेंदू नकारात्मक भावनांना तीव्र प्रतिसाद देतो.’ कारण काय, तर सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरच्या जनुकाच्या माझ्याकडच्या दोन्ही प्रती ‘आखूड’.

हे अगदी हवेतलं नाही. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. पेशीबाहेर सोडलेलं हे सेरोटोनिन परत आत ओढणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. जनुकाच्या सुरुवातीला साधारण ४४ अक्षरांचा तुकडा काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो. नसला की प्रत ‘आखूड’ आणि प्रथिन कमी बनतं, हे १९९६ सालीच दाखवलं होतं. २००२ मध्ये अमेरिकेत २८ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून भेदरलेले, रागावलेले चेहरे दाखवले, तर आखूड प्रतवाल्यांचा अमिग्डाला (मेंदूतला भीती टिपणारा बदामाएवढा भाग) जास्त पेटला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा अभ्यास आला. ८४७ तरुण, लहानपणापासून नोंदी ठेवलेले. आयुष्यात फटके बसले की आखूड प्रतवाल्यांना नैराश्य जास्त येतं, असा त्याचा निष्कर्ष. तो खूप गाजला.

रिपोर्ट इथंच थांबतो, आणि गोष्ट इथून पुढेच आहे. २००९ मध्ये १४ अभ्यास, सव्वाचौदा हजार माणसं एकत्र करून पाहिलं, तर फटके बसल्यानं नैराश्य वाढतं हे दिसलं, पण त्यात या जनुकाचा हात सापडला नाही. स्कॅनरमधला फरकही पुढं जास्त माणसं घेतल्यावर बराच आक्रसला. २०१९ मध्ये तर नैराश्यासाठी गाजलेली १८ जनुकं लाखो लोकांत तपासली. कुठलीही १८ उचलली असती तरी फार वेगळं निघालं नसतं. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच, जुळ्यांच्या अभ्यासांत तो ३७ टक्क्यांच्या आसपास येतो. पण तो शेकडो ठिकाणी चिमूट-चिमूट वाटला गेलाय. एका लाल पट्टीत तो मावत नाही.

आम्ही साधं हिमोग्लोबिन दिलं तरी शेजारी रेंज छापतो. नाही छापली तर डॉक्टर फोन करून झाडतात. या पानावर रेंज नाही, किती फरक पडतो त्याचा आकडा नाही, आणि आपल्याकडच्या किती जणांच्या प्रती आखूड असतात तेही नाही. नुसतं ‘तीव्र’.

पॅकेजमध्ये काउन्सेलरशी वीस मिनिटं फोन होता. मुलगी गोड बोलणारी. विचारलं, “तुकड्याची लांबी पीसीआर लावून मोजली का?” पीसीआरनं डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून त्याची लांबी मोजता येते. अशा किटांची तपासणी चिपवर होते, तिथं एकेक अक्षर वाचतात, तुकडा लांब की आखूड हे त्यात थेट दिसत नाही, म्हणून विचारलं. ती जरा थांबली. म्हणाली, “नाही मॅडम, शेजारच्या अक्षरांवरून अंदाज बांधतो.” हा अंदाज कुठल्या लोकांवर बसवलाय? बहुतेक युरोपातल्या, ती म्हणाली. म्हणजे मोजलेलंच नाही! आमच्याकडे न मोजता आकडा लिहिला तर नोकरी जाते.

अक्काच्या रिपोर्टातही तीच लाल पट्टी, शब्दन् शब्द तोच. आई गेली त्या दिवशी अक्कानं चाळीस माणसांचा चहा केला, कुणाला बिनसाखरेचा लागतो ते लक्षात ठेवून, आणि डोळ्यांतून टिपूस नाही. मी जाहिरात बघूनही रडते. दोघींवरून काही सिद्ध होत नाही, कळतं मला, दोन सॅम्पलांवर कुणी मशीन कॅलिब्रेट करत नाही. पण अक्कानं ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे मी आतल्या आत रडते असं म्हणतायत का गं?” चार दिवस ती गप्पगप्प होती. याचा राग आला मला.

किटला पाचपैकी पाच, २१व्या पानाला शून्य, एकूण दोन तारे. घेतलंच असेल तर नोंदणी करताना शेवटच्या स्क्रीनवर ‘नमुना संशोधनासाठी ठेवा’ या चौकोनात आधीच टिक मारलेली असते, ती बघून काढा. आमच्या दोघींची राहून गेली होती, नंतर काढली. अक्काच्या वेळी ओटीपी तीनदा मागवावा लागला, दर वेळी तिचा चष्मा सापडेपर्यंत वेळ संपायची.