क्रीमची टेस्ट: घरी करायची, मशीनवर की डॉक्टरकडे?

नवीन क्रीम आणलं की आपण दोन गोष्टी बघत असतो, ते सूट होतंय का आणि रंगात खरंच फरक पडतोय का. दोन्हींच्या टेस्ट वेगळ्या आहेत आणि नेमकी इथेच गल्लत होते.

सूट होतंय का हे बघायला घरची टेस्ट बेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा क्रीम लावायचं, सात ते दहा दिवस, आणि फेसवॉशसारखं धुवून टाकायचं प्रॉडक्ट असेल तर तिथेही तेवढ्याच वेळात धुवायचं. एक रात्र काही झालं नाही म्हणून पास करू नका, ॲलर्जी बरेचदा काही दिवसांनी उठते. पण यातून खाज, लाली, पुरळ एवढंच कळतं, रंगाबद्दल काहीच नाही.

रंगासाठी मला अर्ध्या चेहऱ्याची टेस्ट सगळ्यात प्रामाणिक वाटते. क्रीम एकाच गालावर, बाकी फेसवॉश, सनस्क्रीन दोन्हीकडे सेम, आणि किमान चार आठवडे थांबायचं, कारण त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण 28 दिवस लागतात आणि वय वाढलं की त्याहून जास्त. फोटो रोज त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, ब्युटी फिल्टर बंद करून, आणि गालाशेजारी पांढरा कागद धरून काढायचा. हा कागद फार महत्त्वाचा आहे. माझ्या आठव्या दिवसाच्या फोटोत गाल मस्त उजळ दिसत होता, मी खूष झाले, मग नीट बघितलं तर कागदही पहिल्या फोटोपेक्षा पांढरा दिसत होता, म्हणजे फोनने उजेड वाढवला होता आणि गाल होता तसाच होता. शिवाय क्रीम लावल्या लावल्या जी चमक येते ती ओलाव्याची असते, त्यामुळे फोटो क्रीम लावण्याआधीच काढा.

पार्लरमधलं स्किन ॲनालायझर मशीन यूव्ही आणि पोलराइज्ड लाइटमध्ये फोटो काढतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे डाग दिसतात हे खरंय. पण जो मोजतो तोच क्रीम विकत असेल तर त्या स्कोअरवर निर्णय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. लॅबमध्ये वापरतात ते मीटर वेगळं, ते मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) आणि लाली यांचे आकडे वेगवेगळे देतं आणि मोजण्याआधी माणसाला ठरावीक तापमानाच्या खोलीत 15-20 मिनिटं शांत बसवतात, नाहीतर नुसतं उन्हातून चालत आलं तरी लालीचा आकडा बदलतो.

डॉक्टरकडची पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर पट्ट्या, 48 तासांनी काढतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, तोवर पाठ भिजवायची नाही. कटकट आहे, पण नेमका कुठला घटक त्रास देतोय हे यातूनच कळतं. आधी कधी रिॲक्शन आली असेल तर थेट इथेच जा, घरी प्रयोग करू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. स्टिरॉइड असलेलं क्रीम वरच्या बहुतेक टेस्ट छान पास होऊ शकतं! स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा थोड्याच दिवसांत उजळ आणि गुळगुळीत दिसतो, त्रास नंतर सुरू होतो, त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, बंद केलं की आग आणि पुरळ. मर्क्युरीचं म्हणजे पाऱ्याचं तसंच, ती मेलॅनिन बनणंच अडवते म्हणून रंग उतरतो, पण किडनीला धोका असतो. मिनामाता या पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराने 1 पीपीएमपेक्षा (दहा लाखात एक भाग) जास्त मर्क्युरी असलेली कॉस्मेटिक्स बंद करायला 2020 ची मुदत घातली होती, 2023 मध्ये ती 1 पीपीएमची सूटही काढायचं ठरलं, तरी अशी क्रीम्स विकली जातातच. मर्क्युरी घरी तपासता येत नाही, त्यामुळे लेबल वाचा. कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस असे शब्द, सोन्या-चांदीला लावू नका अशी सूचना, किंवा घटकांची यादीच नसणं, यातलं काहीही दिसलं तर टेस्टच्या भानगडीत न पडता ते क्रीम वापरूच नका.

साधं मॉइश्चरायझर असेल तर हातावरची टेस्ट पुरे. डाग किंवा टॅन घालवायचं क्रीम असेल तर आधी हात, मग अर्धा चेहरा. आठवड्याभरातच खूप गोरं दिसायला लागलं तर खूष न होता थांबा आणि ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि टेस्ट चालू असताना दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर पुरळ आलं तर कशामुळे आलं ते कळणारच नाही.