कार्ल्सबर्ग कण्याचा वेग मोजायचाय: जीपीएस की चुंबकी पट्टे?

रत्नागिरीच्या मांडवी जेटीवरून समोर पार आफ्रिकेच्या वाटेवर, अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग कणा नावाची लांबलचक डोंगररांग आहे. तिथे भारतीय आणि सोमाली भूपट्ट वर्षाला साधारण अडीच-तीन सेंटीमीटरने दूर सरकतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा वेग मोजायचा म्हटलं की पहिला विचार हमखास येतो तो कॉलेजच्या गच्चीवर जीपीएसचा अँटेना बसवण्याचा.

बसवा, पण त्यातून दिसेल ते भारत वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे जातोय एवढंच. सोमाली पट्टही त्याच बाजूला जातो, फक्त हळू. आपल्याला हवी ती वजाबाकी. म्हणून एकटा अँटेना कुचकामी. पलीकडे सेशेल्स किंवा केनियातलं मालिंदी, अलीकडे हैदराबाद किंवा बेंगळुरू, अशी कायमची जीपीएस ठाणी लागतात. त्यांच्या नोंदी फुकट मिळतात. शिवाय पावसाळ्यात पाण्याच्या भाराने जमीन हलते, म्हणून निदान अडीच वर्षांची सलग नोंद हवी आणि एम.एस्सी. दोन वर्षांत संपते! तरीही स्वतःचाच अँटेना हवा असेल, तर जांभ्यावर उभा करू नका, खालच्या काळ्या पाषाणापर्यंत खणा.

चुंबकी पट्ट्यांचं तसं नाही. व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली समुद्रतळ पसरण्याचा जो पुरावा मांडला, त्यातलं मोजमाप याच कण्यावरचं, १९६२ च्या जहाजफेरीतलं. भूपट्ट दूर सरकले की मधून लाव्हा वर येतो आणि थिजताना त्या वेळचं चुंबकीय क्षेत्र पकडून ठेवतो. पृथ्वीचं हे क्षेत्र अधूनमधून उलटतं, म्हणून कण्याला समांतर असे उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे तळावर उमटतात. शेवटची उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची, तेव्हा कण्यावरच्या मधल्या पट्ट्याची रुंदी भागिले वय, की वेग आला.

मेख इथेच आहे. लाव्हा जुन्या खडकावर ओघळतो, फटींत शिरतो, त्यामुळे पट्टा सरासरी दोनेक किलोमीटर जास्त रुंद भासतो. वर्षाला २५ मिलिमीटरने ७ लाख ८० हजार वर्षांत साडेएकोणीस किलोमीटर होतात, म्हणजे चूक दहा टक्के. तेच सुमारे ३२ लाख वर्षांच्या पट्ट्यापर्यंत गेलात तर अंतर ८० किलोमीटर, चूक अडीच टक्के. मंद कण्यावर म्हणूनच जुना पट्टा बरा. पण मग हाती येते ती ३२ लाख वर्षांची सरासरी, आजचा वेग नव्हे.

जहाजाच्या नोंदीतून चुंबकीय क्षेत्राचे रोजचे चढउतारही वजा करावे लागतात. अलिबागची वेधशाळा ते १९०४ पासून टिपतेय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचं हे काम तिकडे हललं. कणा तिथून फार लांब, तेव्हा तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पण एकदा जाऊन याच.

समुद्रतळावर ध्वनियंत्रं ठेवून थेट अंतर मोजण्याची पद्धतही आहे. जहाजाचा खर्च ऐकलात की तो विषय आपोआप मिटेल.

हातात एकच वर्ष असेल तर मी जुने चुंबकी पट्टे घेईन. वेळ उरला तर सेशेल्स-हैदराबाद जोडीचा आजचा वेग काढून शेजारी ठेवीन. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, प्रबंधाचं खरं प्रकरण तिथेच सापडतं.