पेंटॅक्स के1000 आणि गोव्यातली सणांची रोषणाई: चवथ ते नाताळ वापरल्यावर

1976 ते 1997 या काळात बनलेला हा फिल्मचा कॅमेरा मी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी 50 एमएम एफ/2 लेन्ससह सेकंडहँड घेतला, खास रात्रीच्या दिव्यांसाठी.

आकाशकंदील निगेटिव्हवर जसा उतरतो, त्यासाठी मी हा कॅमेरा कधीच विकणार नाही. मोबाइलवर कंदील म्हणजे पांढरा गोळा. पोर्ट्रा 400 या रंगीत फिल्मवर मात्र कागदाचे जोड, खळीचे डाग, आतल्या होल्डरची सावलीसुद्धा दिसते. कलर निगेटिव्हवर जास्तीचा प्रकाश पडला तरी तपशील लगेच जळत नाही, त्यामुळे हात सैल सोडता येतो.

उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईला स्वतःचा उजेड नाही, अंधारात ती दिसतच नाही. दिसली तरी काळं आभाळ बघून नको तेवढा प्रकाश मागते. मी तिचा नाद सोडला. 400 ची फिल्म, एफ/8 (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलेलं), एक सेकंद इथून सुरुवात. मग ‘बी’वर (बटण दाबून ठेवलं तोवर शटर उघडं) दोन आणि चार सेकंद. शटर फार वेळ उघडं राहिलं की फिल्म मंदावते; पोर्ट्राला एका सेकंदापर्यंत वाढीव वेळ लागत नाही. एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला मात्र मीटरने दहा सेकंद सांगितले तर वीसेक द्यावे लागतात.

पणजीच्या चर्चचं फेस्त 8 डिसेंबरला असतं. सूर्य मावळल्यावर आभाळात निळाई असते, ती वीसेक मिनिटं सोन्यासारखी. माळा उघडझाप करणाऱ्या असतील तर चार सेकंदांत सगळे दिवे पेटलेले येतात. 1/30 सेकंदाला अर्धी माळ काळी. पणजीतल्या फोंताइनस वाड्यातल्या बाल्कन्यांवरची नखेत्रंही (नाताळचे चांदणी-कंदील) अशीच टिपली.

सेल्फ-टायमर नाही, म्हणून ट्रायपॉड आणि शटर दाबायची स्क्रूवाली केबल हवीच. मीटरला बंद करायचं बटणही नाही; लेन्सला टोपी लावली नाही तर सेल संपतो. शटर मात्र सेलशिवायही चालतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

नरकासुराची मिरवणूक आणि साखळी गावी वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेला सोडतात त्या होड्या, दोन्ही एका सेकंदात पुसट येतात. तिथे फिल्म वेगवानच हवी, म्हणजे कमी उजेडात कमी वेळात चित्र घेणारी.

आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवा. फ्रिजमधला रोल तास-दोन तास बाहेर ठेवून मगच उघडा.

शिग्म्याच्या चित्ररथांसाठी 800 चा रोल आणलाय. एफ/2, 1/30, हातात धरूनच काढणार.