पीकविम्यावरचा निबंध आधी कुठे मांडावा: विभागातले सेमिनार की परिषदेतली वीस मिनिटे?

निबंधाचा कोणता भाग अजून कच्चा आहे, त्यावरून हे ठरवा. कार्यकारणाची बाजू डळमळीत असेल तर अर्थशास्त्र विभागातले 75 मिनिटांचे सेमिनार आधी. निष्कर्ष पक्का असेल आणि तो फक्त लोकांपर्यंत पोचवायचा असेल, तर परिषद.

विभागात दुसऱ्या स्लाइडपासूनच हात वर होतात. 25 स्लाइड पुरे, कारण निम्मा वेळ प्रश्नच खातात. पहिला प्रश्न जवळपास ठरलेला: विमा घेणाऱ्यांचे नुकसान जास्त दिसते ते जोखमीतले लोकच विमा घेतात म्हणून, की विमा घेतल्यावर काळजी सुटते म्हणून? शियापोरी आणि सालानिए या अर्थतज्ज्ञांची 2000 सालची सहसंबंध चाचणी जास्त विमा आणि जास्त नुकसान सोबत जातात का एवढेच पाहते, या दोन कारणांची फोड करत नाही. प्रधानमंत्री पीकविम्यावर काम असेल तर उत्तर सोपे: महाराष्ट्रात भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते आणि एकट्याच्या हलगर्जीपणाने ती सरासरी हलत नाही. पण गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे दावे शेतावरच्या पाहणीवर ठरायचे. ते तुमच्या आकडेवारीत मिसळलेले असतील तर हे उत्तर तिथेच कोसळते. आधी ते दावे वेगळे काढा.

पुढची अडचण काळाची. खरीप 2020 पूर्वी कर्जदार शेतकऱ्यांना विमा सक्तीचा होता, म्हणजे त्यांच्याबाबतीत 'निवड' (जोखमीतल्यांनी आपणहून विमा घेणे) हा शब्दच वापरता येत नाही. खरीप 2023 मध्ये महाराष्ट्राने हप्ता एक रुपयावर आणला, खरीप 2025 पासून शेतकऱ्याचा वाटा परत आला. मागणी मोजायला हा बदल मोहात पाडतो, पण तो अख्ख्या राज्याला एकदमच लागू झाला. तुलनेला गट कुठला, हे विचारले जाणारच. आणि अर्जांची संख्या म्हणजे शेतकऱ्यांची संख्या नव्हे. एकाच नावावर दोन पिकांचे, दोन गट क्रमांकांच्या जमिनींचे अर्ज असतात.

परिषदेत यातले काहीच मावत नाही. 12 स्लाइड, निष्कर्ष पाचव्या मिनिटाच्या आत. ॲरो 1963, ॲकरलॉफ 1970 अशी या विषयातल्या जुन्या पायाभूत निबंधांची उजळणी सुरू केली की सहा मिनिटे गेलीच, आणि दहा रकान्यांचा प्रतिगमन (रिग्रेशन) तक्ता मागच्या रांगेतून कुणालाही वाचता येत नाही. त्याऐवजी एकच गणित दाखवा. सात वर्षांचे उत्पादन हेक्टरी 14, 9, 16, 12, 15, 6, 13 क्विंटल धरा. चांगली पाच वर्षे घेतली की सरासरी 14. जोखीमस्तर, म्हणजे या सरासरीचा विम्याने हमी दिलेला भाग, 70 टक्के; म्हणून उंबरठा उत्पादन, ज्याच्या खाली गेले की भरपाई मिळते, 9.8. यंदा मंडळाची सरासरी 7.35 आली तर तूट 25 टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 असेल तर भरपाई 12,500 रुपये. मंडळाची सरासरी 10 आणि एखाद्याच्या शेतात 3 क्विंटल, तर त्याला शून्य. पीकविम्याचा मूळ घोळ त्या शून्यात आहे, आणि तो आरोग्यविम्यावर काम करणाऱ्यालाही मिनिटभरात कळतो.

परिषदेत भाष्यकार (निबंध आधी वाचून त्यावर बोलणारा) नेमलेला असेल तर पूर्ण निबंध दोन आठवडे आधी पाठवा. उशीर झाला की भाष्य प्रस्तावनेवरच होते, आणि ते काही कामाचे नसते. विभागात भाष्यकार नसतो; तिथे परिशिष्टाच्या दहाएक स्लाइड मागे तयार ठेवा, जिल्हानिहाय निकाल आणि मंडळाची सरासरी ज्यांवरून काढतात त्या पीक कापणी प्रयोगांची संख्या त्यात हवीच.

दोन्ही जमणार असतील तर सेमिनार आधी घ्या आणि मध्ये किमान तीन आठवडे ठेवा. स्थानिक आपत्तीचे दावे वगळून सगळी गणिते पुन्हा चालवायला तेवढे लागतात.