अमोनिया की फ्रीऑन? इंदूरकडच्या कोल्ड स्टोरेजचा हिशेब

सांवेर रोडला किंवा राऊच्या पुढे जागा घेतलेला माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, थंडाव्यासाठी गॅस कोणता, अमोनिया घालू की फ्रीऑन?" मी उलट विचारतो, माल कोणता आणि रात्री प्लांटवर कोण राहणार? निम्मा निकाल तिथेच लागतो.

धरा, बटाटा. माळव्यातला बटाटा थंडी सरताना निघतो, महिनाभरात चेंबर भरतात आणि माल दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर पडतो. टनाला ३.४ घनमीटर या सरकारी मापाने ५००० टनांना १७,००० घनमीटर जागा लागते. एवढ्या कामाला अमोनियाच. शून्य अंशाला एक किलो अमोनिया वाफ होताना साधारण १२६० किलोज्यूल उष्णता ओढतो, आर-२२ हा जुना फ्रीऑन जेमतेम २०५. शिवाय अमोनिया स्वस्त, आणि हवामानाला त्याचा उपद्रव नाही. आर-४०४ए हा दुसरा फ्रीऑन मात्र तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या ३९०० पटींहून भारी. नव्या कामात कोणी आर-२२ सुचवला तर हात जोडून निरोप द्या. तो आपल्याकडे २०३० पर्यंत बंद व्हायचाय.

पण अमोनिया विषारी आहे. तांबं तो खातो, म्हणून सगळी पाइपलाइन लोखंडी, वेल्डर पक्का आणि ऑपरेटर तिन्ही पाळ्यांना. बरं एवढंच, की गळती लपत नाही. नाक सांगतंच, आणि जॉइंटजवळ गंधकाची पेटती काडी नेली की पांढरा धूर उठतो. फ्रीऑनला वास नाही. चेंबर थंड होईना तेव्हा कळतं की गॅस गेला, मग रिफिलचं बिल.

तरी चोइथराम मंडीतल्या फळवाल्याला किंवा पनीर-मटारवाल्याला मी फ्रीऑनच सांगतो. वीस-पन्नास टनांच्या चार खोल्या, प्रत्येकीला आपलं युनिट. एक बसलं तरी तीन चालू. एक हुशार इलेक्ट्रिशियन पुरतो. फक्त मे महिन्याची दुपार आठवा. पत्र्यावरचा एअर-कूल्ड कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, ४२ अंशांच्या हवेत हाशहुश करतो आणि वीज पितो. अमोनियाचा पाण्यावरचा कंडेन्सर उलट इथल्या कोरड्या उन्हाळ्यात खुशीत चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. मात्र बोरचं पाणी जड असेल तर सॉफ्टनर हवाच, नाहीतर दोन सीझनमध्ये ट्यूबवर पांढरी खपली बसते.

भिंतींबद्दल लोक फार कमी विचारतात, आणि तिथेच जास्त पैसा गळतो. १०० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनल म्हणजे ढोबळ मानाने १५० मिलिमीटर थर्मोकोल. वीट-थर्मोकोल स्वस्त पडतं, पण काम कसं झालंय त्यावर सगळं. एका जुन्या चेंबरचा गिलावा मी फोडायला लावला होता. आतला थर्मोकोल हातात घेतला तर विटेसारखा जड, मोडला तर मण्यांमधून पाणी ठिबकलं. बाहेरच्या, गरम बाजूचा डांबराचा थर अर्धवट मारला होता. वर्षानुवर्षं हवेतली वाफ आत शिरली आणि मुरली. मालक म्हणत होता, कंप्रेसर कमजोर झालाय.

एक गोष्ट दोन्हींत सारखी. चिप्सचा बटाटा २-४ अंशांत ठेवू नका, स्टार्चची साखर होते आणि चिप्स काळपट तळून निघतात. त्याला १० ते १२ अंश आणि कोंब रोखणारं औषध. २-४ अंश बियाण्याला. लसूण त्यांच्या शेजारी नकोच. त्याला ६५-७० टक्के आर्द्रता लागते, बटाट्याला ९० च्या वर.

आता कोटेशन. दोन कोटेशन मांडीवर घेऊन फक्त रक्कम पाहू नका, रोज किती माल आत घेणार हा आकडा त्यात धरलाय का ते बघा. दिवसाला २०० टन बटाटा भरला आणि त्या दिवसात दहा अंश उतरवायचा, तर निव्वळ तेवढ्यासाठी साधारण २३ टन रेफ्रिजरेशन लागतं (हा टन मालाचा नव्हे, थंड करण्याच्या क्षमतेचा). भिंती, दारं, पंखे आणि बटाट्याच्या श्वासाची उष्णता वेगळी. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हाच आकडा अर्धा केलेला सापडतो.