सीएसपी, आरएच५ की पीएफएस२३०? मलेरियावर पीएचडी करायची तर कोणतं प्रथिन घ्यावं

मलेरियाच्या लसीवर काम करायचं ठरलं की गाइडचा पहिला प्रश्न ठरलेला: प्रथिन कोणतं? फॅल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीत पाच हजारांवर जनुकं आहेत, पण खरी चुरस तिघांतच आहे.

सीएसपी म्हणजे स्पोरोझोइटच्या, म्हणजे डासातून माणसात शिरणाऱ्या परजीवीच्या, अंगावरचं कवच. डास चावल्यावर परजीवी यकृतात पोचायच्या आत त्याला गाठायचं, हा इथला डाव. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लसी, आरटीएस,एस (२०२१) आणि आर२१ (२०२३), याच प्रथिनावर बेतलेल्या आहेत. आर२१ तर पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षी तिने हंगामी मलेरियाच्या भागात ७५ टक्के आणि इतरत्र ६८ टक्के संरक्षण दिलं. मेख एवढीच की एक स्पोरोझोइट जरी निसटला, तरी यकृतातून हजारोंनी मेरोझोइट, म्हणजे लाल पेशींवर हल्ला करणारं परजीवीचं पुढचं रूप, बाहेर पडतात, आणि त्यांच्या अंगावर सीएसपी नसतं. मग अँटिबॉडी कितीही असोत, उपयोग शून्य.

आरएच५ रक्तातल्या टप्प्यावरचं. मेरोझोइटला लाल पेशीत शिरायचं तर पेशीवरच्या बॅसिजिन या प्रथिनाला पकडावंच लागतं, आणि पकडणारा हात म्हणजे आरएच५. हे २०११ मध्ये कळलं. त्याआधी मोठी भिस्त एएमए१ या मेरोझोइटवरच्याच दुसऱ्या प्रथिनावर होती. मालीतल्या चाचणीत त्या लसीने स्वतःशी जुळणाऱ्या स्ट्रेनविरुद्ध (परजीवीच्या वाणाविरुद्ध) ६४ टक्के काम केलं, एकूण मलेरियाविरुद्ध जेमतेम १७, आणि तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलं नाही. कारण एएमए१ गावागणिक रूप बदलतं. आरएच५ फारसं बदलत नाही. बुर्किना फासोतल्या लहान मुलांमध्ये आरएच५ लसीचा तिसरा डोस उशिरा दिला तेव्हा सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण मिळालं, महिन्या-महिन्याने दिला तेव्हा ४०. मेरोझोइट उघड्यावर असतो तो मिनिटभर, फार तर दोन, त्यामुळे अँटिबॉडी भरमसाट लागतात.

रक्तातल्या टप्प्यावर अँटिबॉडी काम करतात, हे जुनंच: १९६१ मध्ये गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (अँटिबॉडींचा अंश) आजारी मुलांना टोचलं आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. गंमत म्हणजे नैसर्गिक संसर्गातून आरएच५ विरुद्ध अँटिबॉडी नगण्यच तयार होतात. म्हणजे निसर्ग ज्या वाटेला फारसा गेला नाही, तिथे लस निघाली आहे.

पीएफएस२३० गॅमिटोसाइट आणि गॅमीटवर, म्हणजे डासात पुनरुत्पादन करणाऱ्या परजीवीच्या रूपांवर, असतं. माणसाच्या अँटिबॉडी रक्ताबरोबर डासाच्या पोटात जातात आणि परजीवीची वाढ तिथेच अडवतात. टोचून घेणाऱ्याला स्वतःला काहीच लाभ नाही, वाचतो तो शेजारी. विज्ञान सुरेख आहे, पण ‘माझ्या मुलाला काय मिळणार?’ असं विचारणाऱ्या आईपुढे ते टिकवणं अवघड.

आता कोणी सांगत नाही ते. प्रथिनापेक्षा प्रयोग कसा करणार ते आधी बघा. सीएसपीसाठी जिवंत स्पोरोझोइट लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने डासाचं डोकं अलगद ओढायचं, त्याबरोबर लाळग्रंथी बाहेर येतात. पहिल्या महिन्यात निम्म्या फाटतात. पीएफएस२३० ला डासांची वसाहत हवीच, कारण त्यांना पातळ पडद्यातून रक्त पाजावं लागतं. आरएच५ ला मात्र कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले परजीवी), लाल पेशी आणि इनक्युबेटर पुरतो. डेसिकेटरमध्ये (हवाबंद होणाऱ्या काचेच्या भांड्यात) मेणबत्ती लावून झाकण ठेवायचं, ज्योत विझली की झाकणावरची तोटी बंद करायची. परजीवीला हवा तसा कमी ऑक्सिजन मिळतो. मग अँटिबॉडी घालून एका चक्रात वाढ किती खुंटली ते मोजायचं.

इन्सेक्टरी (डास पाळायची जागा) नसलेल्या विद्यापीठात असाल तर आरएच५ घ्या, माझं मत स्पष्ट आहे. सीएसपीत आता गर्दी झाली आहे, नवख्याला कोपरा सापडणं कठीण. पण मन व्हायव्हॅक्सवर, मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीवर, असेल तर हे गणित मोडतं, कारण व्हायव्हॅक्सकडे आरएच५ नाहीच. तिथे लाल पेशीत शिरायला लागणारं डफी बाइंडिंग प्रोटीन बघा. दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत तयार झालेल्या त्याच्या लसीने ऑक्सफर्डमधल्या स्वयंसेवकांत परजीवीच्या वाढीचा वेग निम्म्यावर आणला. फक्त व्हायव्हॅक्सचं कल्चर सलग टिकत नाही, हे धरून चला.

आणि काहीही घेतलंत तरी कल्चरचं मीडियम रोज बदलावं लागतं, रविवारीसुद्धा. दिवाळीला घरी जायचं असेल तर लॅबमेटशी आत्तापासूनच गोडीत राहा.