रीटूलची क्वेरी लायब्ररी की डेटाबेसमधला व्ह्यू?

‘थकबाकीदार ग्राहक’ काढणारी एकच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पाच ॲपमध्ये कॉपी-पेस्ट झाली, की थकबाकीचा नियम बदलल्यावर एखादं ॲप हमखास जुनंच राहतं.

रीटूल हे कंपनीच्या आतल्या कामांसाठी ॲप बनवायचं साधन. त्याच्या क्वेरी लायब्ररीत ही क्वेरी एकदाच लिहायची आणि हव्या त्या ॲपमध्ये आयात करायची. दुहेरी महिरपी कंसातली व्हेरिएबल्स प्रत्येक ॲप आपापल्या ड्रॉपडाउनमधून किंवा टेबलातून भरतं. ॲपने नेहमी ताजी आवृत्ती घ्यायची की ठरावीक आवृत्तीवर थांबायचं, हेही ठरवता येतं. रेस्ट एपीआयच्या (दुसऱ्या सेवेकडून वेबवरून डेटा मागणाऱ्या) क्वेरीही इथे राहतात. पण हे सगळं रीटूलच्या कुंपणाच्या आत. बाहेरच्या मेटाबेसला (रिपोर्ट बनवायच्या साधनाला) त्याचा पत्ता नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधला व्ह्यू, म्हणजे नाव देऊन तिथेच साठवलेली क्वेरी, मात्र रीटूल, मेटाबेस, रात्री चालणारी पायथन स्क्रिप्ट, सगळ्यांना एकच व्याख्या देतो. मूळ टेबल न उघडता फक्त व्ह्यूवर वाचण्याची परवानगी देता येते. अडचण बदलांची. ‘क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू’ने नवे कॉलम फक्त शेवटी जोडता येतात, असलेला काढायचा किंवा त्याचा टाइप बदलायचा तर व्ह्यू ड्रॉप करून पुन्हा बनवावा लागतो, आणि त्यावर दुसरा व्ह्यू बेतलेला असेल तर पोस्टग्रेस सरळ नकार देतं. (डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएची मनधरणी वेगळीच!) शिवाय व्ह्यूला पॅरामीटर (बाहेरून द्यायची मूल्यं) नसतात, ती हवी असतील तिथे फंक्शन लिहावं लागतं.

माझं मत: थकबाकी कशाला म्हणायचं हे व्ह्यूमध्ये, शहर-तारखेची गाळणी लायब्ररीतल्या क्वेरीत. एकाच ॲपपुरती क्वेरी असेल तर ती ॲपमध्येच राहू द्या.